डाव्या स्पीकरचा ठिपका

मी डावा बोलतोय. दिवाणखान्यात दोन जुने लाकडी स्पीकर आहेत, त्यातला खिडकीकडचा मी. उजवा माझा जुळा भाऊ. आम्ही एकाच दिवशी, एकाच कारागिराच्या हातून तयार झालो आणि एकाच टेम्पोतून साहेब आणि बाईंकडे आलो. तेव्हा त्या नवराबायकोच्या लग्नाला महिनाही झाला नव्हता.

साहेब नकाशे काढायच्या कचेरीत होते. हात स्थिर, नजर बारीक, आणि कागदावर एक फालतू रेघ दिसली तरी खोडल्याशिवाय चैन पडायची नाही. आम्हा प्रत्येकाला दोन वायरी, आणि दोन्ही काळ्या. कुठली कुठे लावायची यावरून पहिल्याच दिवशी घोळ झाला. तेव्हा बाईंनी प्रत्येकाच्या एका वायरीला गाठ मारली आणि आमच्या पाठीवर, एकेका स्क्रूपाशी, नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. "गाठीची वायर ठिपक्याला. संपलं," त्या म्हणाल्या. तीन घरं बदलली, पण पुन्हा कधी घोळ झाला नाही.

चाळीस वर्षं मी इमानेइतबारे वाजलो. एकदाही खरखरलो नाही. त्याचं बक्षीस काय, तर माझ्या डोक्यावर औषधांचा डबा, किल्ल्या आणि चष्म्याचं घर.

उजवा मात्र मागच्या महिन्यात फाटला. आतल्या कागदी पडद्याभोवतीची फोमची कड कुजून गळाली आणि तो घोगरा झाला. झालं, लाड सुरू. निवृत्त झालेल्या साहेबांना कामच मिळालं. जेवायच्या टेबलावर जुनी चादर पसरली गेली आणि हे महाशय तिच्यावर उताणे. साहेबांनी बोथट सुरीने जुनी कड खरवडली, मऊ ब्रशने धूळ झटकली, मधली तारेची गुंडाळी सरळ बसावी म्हणून भोवती कागदाच्या पट्ट्या खोचल्या आणि मग नवी कड डिंकाने चिकटवली. चिकटवताना ते श्वास रोखून धरत. तळहाताच्या फोडासारखं जपणं मी ऐकून होतो, आता रोज डोळ्यांसमोर बघत होतो.

माझा नुसता जळफळाट व्हायचा. आजारी पडणाऱ्याचे लाड, आणि धडधाकट असेल त्याच्या डोक्यावर खोकल्याचं औषध. माझ्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं.

"अहो, आपण जेवायचं कुठे?" बाईंनी चौथ्या दिवशी विचारलं.

"मांडीवर ताट घेऊ की चार दिवस."

"चार झाले. रविवारी मुलगा नवा स्पीकर आणतोय, तळहातावर मावेल एवढा. तोवर हे वाजलं तर ठीक, नाहीतर ही खोकी भंगारात."

"कबूल," साहेब म्हणाले. त्यांचा आपल्या हातांवर फार भरवसा.

खरं सांगतो, मला आनंद झाला. उजवा फसावा आणि भंगारात जावा, मग घरात मी एकटा. असंच माझ्या मनात आलं होतं.

शनिवारी दुपारी साहेबांनी त्याला नखशिखान्त स्पिरिटने पुसलं, वायरी जोडल्या आणि गाणं लावलं. आवाज आला, पण पोकळ. खर्ज कुठे गायबच. गाणारा जणू शेजारच्या घरात जाऊन बसला होता. साहेबांनी तीनदा लावून बघितलं, मग खुर्चीत बसून आपल्या हातांकडे बघत राहिले.

मी मनातल्या मनात म्हटलं, भोग आता.

"जाऊ दे हो," बाई हळूच म्हणाल्या. "वय झालं त्यांचं. उद्या दोन्ही देऊन टाकू."

दोन्ही! माझा काय गुन्हा? एकट्या डाव्याला कोणी ठेवत नाही, हे माझ्या तेव्हा कुठे ध्यानात आलं.

बाई वायरी सोडवायला आमच्या मागे वाकल्या आणि तशाच थांबल्या. "अहो, याच्या पाठीवरचा माझा ठिपका कुठे गेला?"

"तो लाल डाग? पुसला."

"डाग नव्हता तो."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. जन्मभर नको त्या खुणा खोडणाऱ्या माणसाने हवी ती खोडली होती. त्यांनी घड्याळातला सेल काढला, आमची कापडी जाळी उतरवली आणि दोघांच्या वायरींची दुसरी टोकं सोडवून त्यांना, गाठीची बाजू धरून, सारखाच सेल टेकवून बघितला. माझा पडदा पुढे आला, त्याचा मागे गेला. त्याच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्या होत्या. मी ढकलायचो तेव्हा तो ओढायचा, आणि आमचा खर्ज आम्हीच गिळत होतो.

वायरी बदलल्या आणि खर्ज असा आला की खिडकीची काच थरथरली. बाईंनी तिथल्या तिथे मुलाला फोन लावला. "तुझा स्पीकर तुझ्याकडेच ठेव रे."

साहेबांनी प्रेमाने माझ्या पडद्याची कड चाचपली. ती त्यांच्या बोटाला भुगा होऊन लागली.

"अरे, तूपण?" ते म्हणाले. चाळीस वर्षांत ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

आता जेवायच्या टेबलावर मी उताणा आहे. माझी नवी कड वाळतेय. औषधांचा डबा उजव्याच्या डोक्यावर गेलाय आणि तो एकटाच वाजतोय. वाटलं होतं, मजा येईल. पण गाण्यातल्या माझ्या वाटणीच्या जागा रिकाम्या ऐकू येतात, आणि त्या भरायला मी तळमळतो. त्याला हे सांगू नका.

आज सकाळी बाई नेलपॉलिशची नवी बाटली घेऊन आल्या. उजव्याच्या पाठीवर त्यांनी चकचकीत ठिपका दिला. माझा जीव पुन्हा जळला. माझा जुना ठिपका पार विटलाय.

"यालाही नवा देऊन टाक," साहेब म्हणाले. "जुना पुसू का?"

बाईंनी माझ्या पाठीवरून बोट फिरवलं आणि बाटलीचं झाकण लावलं.

"हात लावू नका. तेव्हाचा हा एवढा एकच राहिलाय."

उजव्याने ते ऐकलं. आता जळू दे त्याला.