शून्य किंवा चार

सिस्टरने टॅबवर शून्य टाकलं, आणि औषधाच्या पंपावर पुन्हा चार उमटलं. आपलंच बोट चुकलं असेल म्हणून तिने परत शून्य टाकलं. परत चार. बाबांचं गुंगीचं औषध थांबवायला सांगून डॉक्टर ऑपरेशनला गेले होते, आणि इकडे बाबांचा श्वास मंदावत चालला होता.

खाटेशी बसलेल्या लेकीच्या पायाखालची जमीन सरकली. टॅबवरचा प्रोग्राम तिच्याच कंपनीचा, आणि ती ओळ तिच्याच हातची: डोस || ४. डोस भरायचा राहिला तर चार धरावा, एवढाच तिचा हेतू. मधल्या दोन उभ्या रेघा म्हणजे 'किंवा'. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामच्या भाषेतला हा 'किंवा' हो-नाही सांगत बसत नाही, दोन्हींतली एक किंमत उचलून हातावर ठेवतो. डावीकडची पटली तर ती, नाहीतर उजवीकडची. आणि शून्य त्याला कधीच पटत नाही, ते तो 'काहीच नाही' असं धरतो. यावरून ती ऑफिसातल्या नवख्यांची टर उडवायची, आणि घाईत स्वतःच माती खाऊन बसली होती.

"सिस्टर, शून्य टाकून ते थांबणार नाही. औषधाची नळीच बंद करा."

डॉक्टरांनी पंपावरून थांबवायला सांगितलंय, त्यांना विचारल्याशिवाय आपण नळीला हात लावणार नाही, असं सिस्टर म्हणाली.

"अहो, हा प्रोग्राम मीच लिहिलाय," लेक रडकुंडीला येऊन म्हणाली. "त्याला शून्य ऐकूच येत नाही."

सिस्टरने बाबांच्या छातीकडे पाहिलं आणि नळीचा चिमटा दाबला.

लेकीने ऑफिसला फोन लावला. सगळ्या दवाखान्यांना आधी कळवा, मग रेघा काढून तिथे दोन प्रश्नचिन्हं घाला. डावीकडे खरोखरच काही नसेल तरच ती उजवीकडे वळतात. शून्याला शून्यच मानतात. एवढं सांगून ती बाबांचा हात धरून बसली. देवा, एवढा एक श्वास येऊ दे, मग पुढचा.

डॉक्टर आले तेव्हा बाबांनी डोळे उघडले होते. फुप्फुसं आता फार दिवस साथ देणार नाहीत, हे बाबांना ठाऊकच होतं. पुन्हा श्वास अडला तर घशात नळी घालून मशीन लावायचं का, डॉक्टरांनी त्यांनाच विचारलं.

"नको," बाबा म्हणाले.

दवाखान्यात आणतानाही ते हेच म्हणाले होते. पण बाबांच्या नकोला घरात उत्तर धरायची पद्धतच नव्हती.

डॉक्टर लेकीकडे वळले. "तुमचं काय म्हणणं?"

'लावा' तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं, आणि तिचा बांध फुटला.

"त्यांनी सांगितलंय ना, डॉक्टर."