आरामखुर्ची

समोरच्या छापखान्यात चांगलं काम मिळालं म्हणून मी राजीनामा दिला. पण पंचावन्नाव्या वर्षी बाई नोकरी बदलते, हे आमच्या छापखान्यात कुणाच्या डोक्यातच शिरेना. त्यांनी थेट माझ्या निवृत्तीचा समारंभच मांडला! बाइंडिंगच्या टेबलावरचा डिंक-कागद हटवून तिथे केक ठेवला आणि शेजारी भेट म्हणून ही भलीमोठी आरामखुर्ची.

मालक म्हणाले, "बाई, फार राबलात. आता नातवंडांत रमा."

माझं डोकंच फिरलं. "अहो, सोमवारी मी समोर कामावर हजर होतेय!"

सगळे कौतुकाने हसले. लहान मूल बोबडं बोलल्यावर हसतात तसे.

मग मी ती खुर्ची फरफटत नेली आणि मालकांच्या पुढ्यात आदळली.

"साहेब, तुम्ही माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. आधी तुम्ही बसा!"