झाकण कापायचं राहिलं

संगप्पाला आयुष्यात दोनच नाद होते, शेंगाचटणीचा आणि पेट्यांचा. डॉक्टरांनी चटणी बंद केली तेव्हा तो लहान पोरासारखा रुसून बसला. पेट्या बंद करा असं कुणी म्हणालं नाही. म्हणालं असतं तरी त्यानं ऐकलं असतं थोडंच!

दिवसा तो मिलच्या सुतारखात्यात मागांची मोडकी लाकडं बसवायचा. भोंगा झाला की घरी यायचं, बशीत ओतून चहा घ्यायचा आणि मागच्या पत्र्याच्या पडवीत शिरायचं, हा त्याचा नेम. पडवी इतकी अरुंद होती की लांब फळीला रंधा मारायचा तर तिचं एक टोक स्वयंपाकघरात यायचं आणि त्याच्या बायकोला, ईरम्माला, अंग चोरून भाकरी थापावी लागायची. लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती. घरात मूल नव्हतं, भाकरीत भुसा मात्र रोज होता. ती कुरकुरायची, तो हसायचा, आणि संसार म्हणजे तरी दुसरं काय असतं!

पेट्या मात्र खरोखर देखण्या. विभूतीच्या, कानातल्या कुड्यांच्या, आरसा-फणीच्या. सागवानाच्या, आणि कुठून शिसवाचा तुकडा मिळाला तर शिसवाच्या. संक्रांतीला सिद्धरामेश्वराची जत्रा, सोलापूरचा गड्डा, भरला की होम मैदानावर एका चादरीवर तो त्या मांडायचा, आणि लेकीचं लग्न काढलेले लोक हुडकत यायचे.

त्याची करायची पद्धत निराळी होती. एकाच फळीचे चार तुकडे काढायचे, म्हणजे लाकडाची रेघ चारी बाजूंनी न तुटता फिरते. कोपरे तिरपे जुळवायचे, सरस लावायचा, वर-खाली फळ्या बसवायच्या आणि पेटी सगळीकडून बंद करून टाकायची. ना दार, ना झाकण. ती चांगली वाळली की बारीक करवत घेऊन भोवतीनं कापायची. तेव्हा कुठं झाकण सुटं व्हायचं. असं केलं की झाकण लावल्यावर रेघेला रेघ मिळते आणि पेटी कुठं उघडते हे पटकन कळत नाही. मैंदर्गीच्या एका म्हाताऱ्या सुतारानं त्याला हे शिकवलं होतं. सांधा तपासायचा तो डोळे मिटून. अंगठ्याचं नख कोपऱ्यावरून फिरवायचं. नख अडलं नाही तर पेटी झाली, अडलं तर परत रंधा.

बहात्तरचा दुष्काळ मागं पडला आणि माणसं जरा पोटभर जेवायला लागली, तेव्हा संगप्पाचं पोट बिघडलं. काविळीसारखे डोळे पिवळे झाले, पाय सुजले, पोटात पाणी धरायला लागलं. डॉक्टरांनी ईरम्माला बाजूला घेऊन सांगितलं, दसरा दिसला तर नशीब समजा. बाजूला घेऊन सांगितलेली गोष्ट रोग्याला आधी कळते. संगप्पा घरी येऊन भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "ईरम्मा, उद्यापासनं पेटी शिकायची."

"मी? माज्या हातानं भाकरी गोल येत न्हाई, पेटी कसली?"

"येईल की. माज्यामागं शरणप्पाच्या दारात जाऊन तुकडा मागायची वेळ येऊ नये तुज्यावर."

शरणप्पा हा त्याचा मैंदर्गीचा धाकटा भाऊ. माणूस वाईट नव्हता, पण त्याची बायको पाहुण्यांच्या ताटातली भाकरी डोळ्यांनी मोजणारी.

दुसऱ्या दिवशी तो पडवीत वाकळ अंथरून आडवा झाला आणि ती रंध्यापुढं बसली. सुरुवातीला तिनं खरोखरच सत्यानाश केला. करवत एकीकडं, रेघ दुसरीकडं. बोट कापून घेतलं ते वेगळंच. संगप्पा डोकं धरायचा आणि फार चिडला की कानडीत जायचा. "साकु, साकु!" ओरडायचा. पुरे म्हणायचा, पण सोडायचा नाही. पुन्हा फळी लाव म्हणायचा. श्रावण असा गेला. आणि मग कसं कोण जाणे, तिचा हात बसला. एका सकाळी रंध्यातून लांब, पातळ, अखंड ढलपी निघाली आणि तिची तिलाच चाहूल लागली, की आता येतंय.

त्याच दिवशी शेजारची सोजरबाई विड्यांचं सूप मांडीवर घेऊन दारात बसली. बोलायला तिला विषय लागत नसे. बोलता बोलता म्हणाली, "आमच्या आत्याबाईंचं बग. काविळीची मुळी द्यायच्या. मरणाला टेकल्या, पर जीव जाईना. तो मुळीत अडकलेला की! मला बोलावलं, मुळी दावली, आन् आठ दिसांत सुटल्या. ज्याच्यात जीव अडकतो ते देऊन झालं की माणूस थांबत न्हाई, बाई."

सोजरबाई विड्या वळून निघून गेली. ईरम्मा मात्र तिथंच बसून राहिली. संगप्पाचा जीव कशात अडकलाय हे तिला कुणी सांगायला नको होतं. तो पडवीत वाकळेवर झोपला होता आणि तो जीव तिच्या हातात होता.

संध्याकाळी तिनं कोपरा जुळवला. बेमालूम जुळला. त्याला दाखवायच्या आधी तिनं रंधा उचलला आणि एका कडेवर एक हात जास्तीचा मारला.

संगप्पानं डोळे मिटले, नख फिरवलं. "अडतंय गं."

"मग?"

"मग काय? उद्या परत."

आणि उद्या तो परत उठून बसला. पेज प्याला. कोन कसा धरायचा हे दाखवायला स्वतः हातात गुण्या घेतला. ईरम्माला काय हवं होतं? हेच हवं होतं. त्या दिवसापासून तिनं एकही सांधा धड केला नाही. कधी सरस पातळ, कधी करवत तिरपी, कधी रंध्याचा एक जास्तीचा हात. चांगलं काम बिघडवायला चांगलं काम येण्यापेक्षा जास्त अक्कल लागते, आणि ती तिला आता भरपूर आली होती. सबंध सोलापुरात नवऱ्याला असं फसवणारी आणि त्याच्यासाठी इतका जीव टाकणारी बाई दुसरी नसेल.

दसरा आला. आपट्याची पानं त्यानं स्वतःच्या हातानं शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिली. ईरम्मानं मनातल्या मनात डॉक्टरांना चार शब्द सुनावले. दिवाळी आली, तीही गेली. संगप्पाच्या अंगावर नुसती कातडी राहिली होती, तरी सकाळ झाली की तो विचारायचा, "फळी लावली का?" त्याला होणारा त्रास तिला दिसत होता. रात्ररात्र कण्हणं ऐकू येत होतं. पण तो होता ना! कण्हणारा का होईना, घरात होता. प्रेमाला कधीकधी एवढंच दिसतं, आणि ते काही फार चांगलं दिसणं नव्हे.

मार्गशीर्षात एक दिवस ती नळावरून घागर घेऊन आली, तर घरात बोलणं चाललेलं. शरणप्पा आला होता. संगप्पानं तिच्या नकळत त्याला बोलावून घेतलं होतं. ती दाराबाहेरच थांबली.

"तिला काय जमंना रे," संगप्पा सांगत होता. "लई शिकवलं. हात न्हाई तिला. माजंच चुकलं, मला शिकवता येत न्हाई. तू तिला ने. कोपऱ्यात पडंल. कामाला वाघ हाय. तुज्या बायकोला सांग, जास्त खात न्हाई ती."

असं म्हणून त्यानं धाकट्या भावापुढं हात जोडले. मिलमध्ये साहेबापुढंही ज्यानं कधी मान वाकवली नाही त्यानं. शरणप्पानं ते हात धरले, हो हो म्हणाला आणि रडला. ईरम्माला घागर उतरवायचंही सुचलं नाही. पाणी पदरावर सांडत राहिलं.

आपण काय केलं हे तिला तिथं दारात कळलं. जीव अडकवून ठेवला खरा, पण काट्यात अडकवला. तिला स्वतःची इतकी शरम वाटली की शरणप्पाला चहा देतानाही तिनं मान वर केली नाही.

शरणप्पा गेल्यावर तिनं ट्रंकेमागं जपून ठेवलेला शिसवाचा तुकडा काढला. संगप्पाला आता दुपारच्या औषधानं गुंगी यायची. तो आत झोपला की ती पडवीत बसायची. रंध्याचा एकही हात जास्तीचा नाही. कोपरे असे बसले की सरस लावायलाही वाईट वाटावं. वर-खाली फळ्या बसवल्या. पेटी बंद झाली. वाळली. तिनं डोळे मिटून स्वतःचं नख चारी कोपऱ्यांवरून फिरवलं. कुठंही अडलं नाही. आता फक्त झाकण कापायचं राहिलं होतं, आणि ते त्याच्यापुढं बसून कापायचं तिनं ठरवलं.

दुपारचा भोंगा होऊन गेला होता. संगप्पा जागा होता, पण डोळ्यांनी त्याला आता फारसं दिसत नव्हतं. तिनं पेटी त्याच्या हातात दिली आणि करवत शेजारी ठेवली.

त्यानं पेटी चाचपली. अंगठा वर आला. नख एका कोपऱ्यावरून गेलं, दुसऱ्यावरून गेलं, तिसऱ्यावर थांबलं, मागं येऊन परत गेलं. आणि कित्येक दिवसांत हसला नव्हता तसा तो हसला.

"कुटं सापडली गं ही?"

"सापडली न्हाई. मी केली."

"चल."

"देवाशपथ. मीच केली. अवो, मला येतंय. कवाच येतंय. मी मुद्दाम बिगडवत हुते."

"मुद्दाम कोण बिगडवतंय?" त्यानं तिचा हात शोधून धरला. "माज्या समाधानासाठी खोटं बोलतीस व्हय? तुला खोटंसुदा धड बोलता येत न्हाई, ईरम्मा. माजीच हाय ही. शिसवाची. मागं कवातरी केली असंल आन् झाकण कापायचं राहिलं असंल. बग, कसा हात हुता माजा!"

तिनं करवत उचलली. एका बाजूनं जरी कापून दाखवलं असतं, तर त्या आवाजावरून त्यानं हात ओळखला असता. करवतीचे दात लाकडावर टेकले, तेवढ्यात त्यानं तिचं मनगट धरलं. त्या हातात एवढी ताकद उरली असेल असं वाटत नव्हतं.

"तू नको. तू बिगडवशील. मला बरं वाटलं की मी कापतो."

आणि तो पेटी पोटावर ठेवून परत परत नख फिरवत राहिला. तोंडावर कसलं तरी सुख होतं. ते सुख काढून घ्यायचा तिला धीर झाला नाही. बळजबरीनं कापून दाखवावं, तर त्याच्या हातातली शेवटची पेटी जाते. न कापावं, तर बायको उपाशी मरणार ही काळजी घेऊन तो जातो. ती करवत हातात धरून बसून राहिली. शेवटी तिनं करवत खाली ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. शेवटचं बोलला ते आदल्या रात्री धावत आलेल्या शरणप्पाशी. म्हणाला, "हिला उपाशी ठेवू नको." फळी लावली का, हे त्यानं त्या दिवशी विचारलं नाही.

लिंगायतांच्या रीतीनं त्याला बसवून, कपाळाला विभूती लावून, हातात इष्टलिंग देऊन मातीत ठेवलं. ईरम्मा रडली ती नवरा गेला म्हणून, असं लोकांना वाटलं. ते खरंच होतं, पण तेवढंच नव्हतं. तो आपल्याला नापास करून गेला, आणि तो निकाल आपणच आपल्या हातानं लिहून दिला, हे ती कुणाला सांगणार? शरणप्पा न्यायला आला तेव्हा तिनं त्याला जेवू घातलं आणि एकट्यालाच परत पाठवलं.

गड्डा भरला. होम मैदानावर तीच चादर, तीच जागा. कपाळावर नुसती विभूती लावून ती बसली होती, आणि पुढं बायकांच्या कुंकवासाठी केलेल्या पेट्या मांडल्या होत्या. सगळ्या तिच्या हातच्या. सोजरबाई सोबतीला होती आणि गिऱ्हाइकांपेक्षा जास्त बोलत होती. मिरवणुकीतले नंदीध्वज पुढं गेले, गर्दी पांगली, तेव्हा मोडनिंबचा एक म्हातारा सुतार चादरीपाशी टेकला. नातीसाठी पेटी बघत होता. दोन-तीन पेट्या त्यानं फिरवून फिरवून पाहिल्या.

"कुणाचा हात म्हनायचा ह्यो?"

"माजा," ईरम्मा म्हणाली. हे मोठ्यानं म्हणायची तिची ही पहिलीच वेळ.

म्हाताऱ्यानं मान डोलावली. मग तिच्या मांडीजवळ ठेवलेली शिसवाची पेटी त्यानं उचलली, कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. "हीबी तुमचीच की."

"न्हाई. ती मालकांची हाय. विकायची न्हाई."

"हात तर त्योच दिसतोय." त्यानं पेटी कानाशी हलवली, सगळ्या बाजूंनी उघडायचा प्रयत्न केला. "झाकण कुटं हाय हिचं?"

"कापायचं राहिलं."

"मग कापा की, बाई! येवढी सोन्यासारखी वस्तू. एवढा हात हाय तुमाला. राहिलं कशापायी?"

ईरम्मानं पेटी त्याच्या हातातून हळूच काढून घेतली आणि पदरानं पुसली.

"नको," ती म्हणाली. "ते म्हनाले हुते, मी बिगडवीन."