विरूपाक्षअण्णांनी गाडीला चांगलं म्हटलं

विरूपाक्षअण्णांनी टीव्हीवर काय केलं नाही, ते सांगणं सोपं आहे. हवामानाचा अंदाज सांगितला नाही. बाकी सगळं केलं.

सुरुवात लातूरच्या केबल चॅनलवर ट्रॅक्टर चालवून दाखवण्यानं झाली. पहिल्याच भागात "ह्या ट्रॅक्टरपरीस बैल बरा, निदान आपल्याकडं बघतो तरी" असं म्हणाले आणि जिल्हाभर माहीत झाले. मग प्रश्नमंजूषा आली. तिथं चुकीचं उत्तर देणाऱ्या हेडमास्तरांना "इंजिन बंद पडलं का? धक्का देऊ?" असं विचारलं. मुक्तिसंग्रामावर माहितीपट केला, त्यात निम्मा वेळ त्या काळच्या जीपवर गेला. शेतीचा कार्यक्रम केला, त्यात स्वतः पेरलेलं सोयाबीन उगवलंच नाही. प्रेक्षकांना तो भाग सगळ्यात जास्त आवडला. शेवटी ज्या स्कूटरच्या जाहिरातीवर चॅनल चालत होतं, त्याच स्कूटरला ते 'मणक्याची दुश्मन' म्हणाले आणि चॅनलनं त्यांना नारळ दिला.

आता ते नांदेडहून गाड्यांच्या परीक्षणाचं स्वतःचं ऑनलाइन चॅनल चालवतात. कॅमेरा मी धरते. माझं नाव शिल्पा, पण लोक मला 'त्या शिव्या देणाऱ्याची कॅमेरावाली' म्हणतात. स्थळं बघायला येतात तेव्हा घरचे हे शेवटी सांगतात.

तर, नायगावच्या एका माणसाच्या नव्या गाडीला अण्णा 'चाकं लावलेला पत्र्याचा डबा' म्हणाले होते. पुढं ती गाडी नाल्यात पडली आणि आतल्या कुणाला खरचटलंसुद्धा नाही. लोकांनी अर्थ लावला की अण्णांनी आधीच वाईट बोलून दृष्ट काढून ठेवली होती. झालं! मुखेडपासून देगलूरपर्यंत रीतच पडली. नवी गाडी काढायची तर हळद-कुंकू, चाकाखाली लिंबू, नारळ आणि अण्णांच्या शिव्या. पुजारीसुद्धा मंत्र लवकर आटपतात, कारण लोक पुढच्या कार्यक्रमासाठी थांबलेले असतात.

"मी परीक्षण करून राहिलो शिल्पा," अण्णा म्हणायचे, "अन् हे लोक मला मीठ-मिरची समजून राहिले."

त्या दिवशी मुखेडकडच्या महादेवप्पांची गाडी निघायची होती. मोठी, पांढरी, सगळं घर मावेल अशी. घर आलंही होतं सगळं. महादेवप्पांची आई रत्नम्मा, दोन सुना, पोरंटोरं, आणि गाडी चालवायला पुतण्या व्यंकट, जो विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकतो. शोरूममधून थेट माहूरला जायचं ठरलं होतं. नव्या गाडीनं पहिलं दर्शन देवीचं, हा घरचा नेम. माहूर गडावर आहे. गड चढताना इंजिन लागतं. उतरताना ब्रेकशिवाय दुसरं काहीच लागत नाही.

अण्णांनी नेहमीप्रमाणे पूजेआधी गाडी शोरूमच्या आवारात फिरवली. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की मी कॅमेरा खाली घेतला.

"नरसिंगशेठ," ते शोरूमच्या मालकाला म्हणाले, "ब्रेकचं पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली जातंय. पार तळाला. कुठंतरी ऑइल गळतंय."

नरसिंगशेठ हसले. "अण्णा, आत्ताच कशाला वाया घालवता? कॅमेऱ्यासमोर बोला की!"

"मी खरं बोलून राहिलो."

"तुम्ही कवा खोटं बोलता?" शेठनं आत वाकून पेडल भराभर दाबलं. धप, धप, धप. "बघा. दगडावानी टणक."

"भराभर दाबलं की टणकच लागणार. दाबून धरा."

"मुहूर्त टळंल अण्णा. आमचा मेकॅनिक लातूरला गेलाय. उद्या परवा दाखवू त्याला."

पूजा झाली. मी लाइव्ह सुरू केलं. अण्णा माईक घेऊन पुढं आले. एकही विनोद न करता, परीक्षेचा निकाल सांगावा तसं म्हणाले, "ह्या गाडीचा ब्रेक खराब हाय. ही गाडी आज रस्त्यावर न्यायची न्हाई. घाटात माणसं मरतील."

टाळ्यांचा कडकडाट झाला. एका सुनेनं शिट्टी वाजवली आणि मग सासू बघते का ते पाहिलं. सासू बघत नव्हती, ती हात जोडून उभी होती.

"वा!" महादेवप्पांचे डोळे पाणावले होते. "असं तर तुम्ही कुणालाच बोलला न्हाई आजवर. अण्णा, टायरला बी बोला की जरा."

"टायर चांगले हायत! ब्रेक खराब हाय!"

"राहू द्या, राहू द्या. जेवढं निघालं तेवढं लई झालं."

अण्णांनी चावी खिशात टाकली. लोक हसले. नरसिंगशेठनं नव्या गाडीबरोबर येणारी दुसरी चावी काढून व्यंकटच्या हातात दिली. लोक आणखी हसले. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी ओरडले, "अहो, खरंच ब्रेक नाही!" तर एक काका शेजारच्याला म्हणाले, "पोरगी बी तयार होऊन राहिली."

सगळे गाडीत बसू लागले. सगळ्यात लहान पोराला काचेजवळची जागा पाहिजे होती, त्यावरून भांडण झालं. त्या भांडणानं आम्हाला जेवढा वेळ दिला, तेवढा दुसऱ्या कशानंच दिला नाही. पण ते मिटलं. दारं लागली. व्यंकटनं गाडी सुरू केली. चाकाखालची लिंबं फुटली.

अण्णा गाडीसमोर जाऊन उभे राहिले. व्यंकटनं हॉर्न दिला. अण्णांनी माईक तोंडाजवळ नेला, खाली घेतला, पुन्हा वर नेला. आमदाराच्या गाडीला हातगाडा म्हणतानाही त्यांनी एवढा वेळ घेतला नव्हता.

मग ते म्हणाले, "काय सुंदर गाडी हाय."

टाळ्यांसाठी उचललेले हात हवेतच राहिले.

"अशी गाडी मी जन्मात बघितली न्हाई," अण्णा म्हणाले. प्रत्येक शब्द दात उपटल्यासारखा निघत होता. "काय रंग! काय रुबाब! सगळ्या तालुक्यात हिच्यासारखी दुसरी न्हाई. बघतच राहावं वाटतंय."

"अण्णा!" महादेवप्पा किंचाळले. "काय करून राहिले? थुंका! आधी थुंका!"

"अन् आतली माणसं तर काय देखणी! पोरं कशी गुटगुटीत, लोण्याच्या गोळ्यावानी..."

मागचं दार असं उघडलं की बिजागरी वाजली. रत्नम्मा उतरल्या आणि वयाला न शोभणाऱ्या वेगानं पोरांना ओढून बाहेर काढू लागल्या. "उतरा! उतरा सगळे! भाड्या, माझ्या नातवांना नजर लावतो व्हय रे?" त्यांच्या हातात चप्पल होती. सुना पदरानं पोरांची तोंडं झाकत पळाल्या. अण्णांच्या खांद्यावर चप्पल बसली. ते हलले नाहीत. गाडी रिकामी होईपर्यंत ते आरशांची स्तुती करत राहिले.

पण गाडी रिकामी झालीच नाही. व्यंकट बसून होता.

"मी असलं काही मानत न्हाई," तो काच खाली करून म्हणाला. "दृष्ट-बिष्ट सगळं थोतांड हाय. मी एकटा माहूरला जाऊन दाखवतो."

आणि त्यानं गिअर टाकला.

एवढ्या घरात अंधश्रद्धा नसलेला एकच माणूस होता आणि तोच मरायला निघाला होता. आता स्तुती कामाची नव्हती. अण्णा खिडकीला लटकले, दोन पावलं गाडीबरोबर फरफटत गेले.

"बरोबर हाय तुझं," ते धापा टाकत म्हणाले. "मानू नको. कुणाचंच मानू नको, माझं बी नको. पेडल एकदाच दाब अन् दाबून धर. जाग्यावरच. गेलं खाली तर गेलं, न्हाई तर मी तुझ्या वाटेतनं हटतो."

व्यंकट थांबला. प्रयोग म्हटल्यावर त्याला नाही म्हणवेना. त्यानं पाय ठेवला आणि समोर बघत बसला. मी कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर नेला. आधी काहीच झालं नाही. तो हसायच्या बेतात होता. मग त्याचा गुडघा सावकाश सरळ होत गेला. सरळ होतच राहिला. त्यानं खाली पाहिलं. पेडल तळाला टेकलं होतं आणि गाडी आपोआप एक वीत पुढं सरकली होती.

त्यानं हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि उतरून फुटलेल्या नारळाशेजारी बसला. "काका," तो म्हणाला, "ब्रेक न्हाई."

महादेवप्पांनी गाडीकडं पाहिलं, मग अण्णांकडं. मला वाटलं, आता पाया पडतील.

"मगाशी होता," ते म्हणाले.

"काय?"

"नरसिंगशेठनं आमच्यासमोर दाबून दाखवला. दगडावानी होता. तुम्ही गाडीला चांगलं म्हणला अन् ब्रेक गेला."

"हाव, हाव!" नरसिंगशेठच्या तोंडावर परत रंग आला. "शोरूमचा काही दोष न्हाई. नजरच तशी लागली. बारा चाकी ट्रकचा ब्रेक जाईल अशी लागली."

"काका, ऑइल गळतंय," व्यंकट म्हणाला. "चाकाजवळ बघा, जमीन ओली हाय."

"तू गप. शिकलेल्यानं ह्यात बोलू न्हाई." महादेवप्पांनी त्याच्या हातातून चावी काढून घेतली. मग अण्णांसमोर येऊन कळवळून म्हणाले, "झालं ते झालं. आता शिव्या घाला अन् ब्रेक परत आणा. मुहूर्त अजून हाय. मी स्वतः चालवतो. आई, पोरांना घेऊन ये."

रत्नम्मांनी चप्पल पायात घातली आणि वाट बघत उभ्या राहिल्या. सुना पोरांना घेऊन दाराजवळ आल्या. सगळ्यांचे डोळे अण्णांच्या तोंडाकडं होते. एक वाईट शब्द निघाला असता तरी सगळे आत बसले असते.

अण्णांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मग मान वळवून मला हळूच म्हणाले, "मेकॅनिकला फोन लाव."

मी लावला. मेकॅनिक अहमदपूरला चहा पीत होता. गाडीत एसी नाही, ऊन उतरलं की निघतो, म्हणाला.

मी अण्णांना तसं सांगितलं. त्यांनी माईक दुसऱ्या हातात घेतला, रत्नम्मांच्या पायातल्या चपलेकडं एकदा पाहिलं आणि मागच्या सीटची स्तुती सुरू केली.