दुसरा फटका

मंदाकिनी साठे उकळत्या पाण्यातल्या परीक्षानळ्या एकेक करून बर्फात ठेवत होत्या, तेव्हा खालच्या मजल्यावर पहिली काच फुटली.

जयपूरच्या त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले होते. सध्या बाजरीवर काम चाललं होतं. पाणी तोडलं की बाजरी आपल्याजवळच्या एका अमिनो आम्लापासून दुसरं, प्रोलीन, बनवते. पेशी सुकून मरू नयेत म्हणून ते पानांत साठवते आणि पाणी मिळालं की तेच मोडून नव्या वाढीला वापरते. तहानलेल्या रोपांच्या नळ्या आज लालभडक झाल्या होत्या, पाणी दिलेल्यांच्या फिक्या. एम.एस्सी.चा दर्शन त्या रंगाकडे हरखून पाहत होता. आदल्याच दिवशी तो विद्यार्थी संघाची निवडणूक जिंकला होता.

“मॅडम, वो लोग आ गए,” तो म्हणाला.

बाईंनी कडी घातली, पण दोन लाथांत ती उखडली. हॉकी स्टिका घेऊन निवडणुकीत हरलेल्या गटाची पाच-सहा पोरं आत घुसली. सगळ्यांत पुढे कौशिक. बँकेतल्या कुलकर्ण्यांचा मुलगा. लहानपणी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरती लांबली, की बाईंच्याच मांडीवर झोपून जायचा.

“मावशी, तुम्ही हटा. मतलब, तुमच्याशी आमचं काही नाही.”

“कौशिक, ती स्टिक खाली ठेव.”

मागच्याने फळीवरून स्टिक फिरवली. कुंड्या फरशीवर फुटल्या, बाजरी मातीसकट बुटांखाली गेली. दोघांनी दर्शनला कॉलर धरून ओढलं. गुडघा तोंडावर बसला आणि रक्त त्याच्या शर्टावर सांडलं.

बाईंनी शेगडीवरचा अ‍ॅसिडचा गरम फ्लास्क उचलला. दर्शनला सोडून पोरं भिंतीला चिकटली. कौशिक मात्र हातभर अंतरावरच राहिला होता. त्याच्या हनुवटीवर नुकती दाढी फुटली होती. बाईंनी ती पाहिली. मग त्या वळल्या आणि फ्लास्क बेसिनमध्ये रिकामा केला. आंबट वाफ उठली. कौशिकने ते पाहिलं.

त्याने स्टिक दर्शनच्या डोक्यावर उगारली. बाईंनी उजवा हात मध्ये घातला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. बाई खाली बसल्या. कौशिक थबकला, “मावशी...” असं काहीतरी पुटपुटला. मागून कोणीतरी ओरडलं, “मार ना! डर गया क्या?”

त्याने पुन्हा मारलं. त्याच हातावर.

नंतर त्यांनी दर्शनला पोलीस येईपर्यंत तुडवलं. तो वाचला, पण त्याचा एक कान कायमचा गेला. बाईंनी इस्पितळातच जबाब दिला आणि कौशिकचं नाव सांगितलं.

आठवड्याभराने, भर दुपारी, कौशिकची आई प्रतिमा दारात उभी राहिली. डोळे सुजलेले.

“ताई, त्याला आत टाकलंय. आयुष्य जाईल हो पोराचं. चुकून लागलं, एवढंच म्हणा.”

“पहिला फटका चुकून होता, प्रतिमा. तसंच सांगितलंय मी.”

“तुमच्या हातात अ‍ॅसिड होतं म्हणे. घाबरला असेल तो.”

“ओतून दिलं होतं मी. त्याच्या देखत. त्यानंतर मारलं त्याने.”

प्रतिमा आत येऊन खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडली. “तुमच्या मांडीवर खेळलाय तो.”

“म्हणून तर ओतलं.” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “पण दुसरा फटका त्याने बघून मारला. ते मी नाही पुसणार.”

रस्त्यावरून भाजीवाल्याची हाक दूर गेली. प्रतिमा उठली, दारापर्यंत गेली आणि वळली. बाईंचा हात प्लास्टरमध्ये होता. केस मोकळे, जटा झाल्यासारखे. घरात दुसरं कोणी नव्हतं.

प्रतिमाने आरशापुढची फणी घेतली आणि त्यांच्या मागे येऊन बसली.

“मान जरा वर करा.”

टोकाकडून हळूहळू गुंता सोडवत ती वर आली.

“दुखलं तर सांगा.”

“नाही दुखत,” बाई म्हणाल्या आणि वेणी पुरी होईपर्यंत समोरच्या भिंतीकडे बघत ताठ बसून राहिल्या.