अहोईच्या संध्याकाळचा धूर

दिवाळीला आठ दिवस उरले की आमच्याकडे अहोईचा उपास येतो. मुलाच्या आयुष्यासाठी आईनं दिवसभर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, आणि संध्याकाळी चांदणी दिसली की तिला अर्घ्य देऊन मगच तोंड उघडायचं. माझ्या सासूबाईंच्या काळी यात अवघड काही नव्हतं. आता भात कापून झाला की शेताशेतात मागं उरलेली पराळी, म्हणजे भाताचे खुंट नि पेंढा, पेटते आणि आभाळ तव्याच्या बुडासारखं होऊन बसतं.

माझा साहिल अकरा वर्षांचा. या दिवसांत त्याच्या छातीत शिट्टी वाजते. गेल्या साली त्याला नाकाला नळी लावून ठेवावं लागलं होतं, आणि यंदा धूर लागू देऊ नका, पुन्हा निभेल असं सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणून साहिलच्या बापूंनी गावच्या चौपालीवर चारचौघांत शब्द दिला, की पराळीला काडी लावणार नाही, गठ्ठे बांधणाऱ्या यंत्राची वाट पाहीन. शेजारच्या ओमबीरनंही दिला. आमची शेतं बांधाला बांध लागून, आणि घरं भिंतीला भिंत.

यंत्र काही येईना. गव्हाची पेरणी लांबत चालली. बापू रोज जेवताना ओमबीरचा विषय काढायचे. दुपारी वरून उपग्रह जातो, तो गेल्यावर लावलं तर कुणाला दिसत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक. त्यात अहोईच्या संध्याकाळी जाळणाऱ्यांना दंड लावणारा पटवारीसुद्धा बायकोच्या पूजेला घरी पळतो. "चतुर असेल तर ओमबीर त्याच दिवशी लावेल बघ," असं बापू हसत म्हणाले होते. ऐकून ऐकून मलाही ओमबीरच्या चेहऱ्यावर ते दिसायला लागलं.

अहोईच्या दुपारी त्याची बायको कमलेश भिंतीवर चित्र काढायला गेरू मागायला आली. ती गेली आणि बघते तो देवळीतली काडेपेटी नाही. तुळशीपाशी मी रोज दिवा लावते, ती पेटी देवळीतून कधी हलत नाही. उपासाच्या दिवशी कुणाबद्दल वाईट चिंतू नये. पण मन ऐकेना. मी चुलीतल्या विस्तवावरून वात पेटवली.

अंधारून येताना भिंतीवरच्या अहोईमातेच्या चित्रासमोर बसून साहिलला कथा सांगितली. बाई माती खणायला जाते, खुरप्याखाली साळिंदराचं पिल्लू मरतं, आणि मग तिची स्वतःची लेकरं एकेक करून जातात. "तिनं मुद्दाम नव्हतं ना केलं?" साहिलनं विचारलं. त्याचा डोळा गुलगुल्यांच्या ताटावर होता. मी नाही म्हणेपर्यंत तो खोकायला लागला. खिडकीतून ओला पेंढा जळल्याचा कडवट वास आत आला होता. मी खिडकी लावली, फटीत ओढणी कोंबली, त्याला औषधाचा पंप दिला आणि लोटा घेऊन गच्चीवर गेले.

चांदणी नव्हतीच. शेतांच्या अंगाला आभाळ तांबूस झालं होतं. शेजारच्या गच्चीवर कमलेशही लोटा घेऊन उभी.

"दिसली का, भाभी?"

"कशी दिसेल? ज्यांना दाखवायची नव्हती त्यांनी सोय केली."

ती कठड्यापाशी आली. "हेच मी तुम्हाला म्हणणार होते. आमचे हे सकाळपासून पाय मुरगळून खाटेवर पडलेत. घोरणं ऐका, नाहीतर म्हणाल कमलेश खोटं बोलते."

खालून घोरणं खरंच येत होतं.

तेवढ्यात बापू वर आले. केस ओले, अंगावर धुतलेला कुर्ता. थंडी पडायला लागली की हा माणूस एकदा अंघोळ करतो तीच नवलाची.

"ओमबीरनं साधलं बघ," ते हळूच म्हणाले, आणि कडुलिंबाच्या वर बोट दाखवलं. "ती बघ चांदणी. अर्घ्य दे अन् पाणी पी."

"तो टॉवरचा दिवा आहे. देवळीतली काडेपेटी कुठंय?"

"कसली काडेपेटी?" ते म्हणाले, पण हात छातीवरच्या खिशाकडे गेला. खिसा धुतलेल्या कुर्त्याचा होता, रिकामा. हात तिथंच राहिला.

मी आवाज चढवला नाही. कधी चढवत नाही. "साहिलसाठी बसलेय मी. चांदणी दिसली नाही तर आज पाणी नाही. उद्या नाही दिसली तर उद्याही नाही."

"माझंही तेच," कठड्यापलीकडून कमलेश म्हणाली.

"दोनच एकराला काडी लावलीय," बापू म्हणाले. "लावताना वारा घराकडचा नव्हता." मग खाली उतरले. थोड्या वेळानं ट्रॅक्टर सुरू झाला, मागं पाण्याची टाकी खडखडत गेली. ती शेताकडे वळली की रस्त्याकडे, हे मी कान देऊन ऐकलं. शेताकडे वळली.

तांबडं हळूहळू विझत गेलं. आमचे दोघींचे ओठ सुकले होते. मी मध्येच जिन्यात जाऊन साहिलचा श्वास ऐकून येत होते. शिट्टी होती, पण चढत नव्हती.

खूप वेळानं पूर्वेला एक फिकट ठिपका दिसला.

"चांदणी की विमान?" कमलेशनं विचारलं.

"हलतंय का बघ."

मी कठड्याच्या विटेचा कोपरा धरला आणि तो ठिपका कोपऱ्याशी लावून बघत राहिले. त्या संध्याकाळी मला कशावरच विश्वास ठेवायचा नव्हता.

"नाही हलत, भाभी."

"अजून थोडं बघू," मी म्हटलं, आणि लोटा दोन्ही हातांत घट्ट धरला.