विहीणबाईंची वीण

"बाबा, जरा पुढे सरा. टोपली मांडीवर घ्या. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसली पाहिजे."

सुनेनं सांगितलं तसे बादलीकाका खुर्चीसकट पुढे सरले आणि अर्धवट विणलेली टोपली त्यांनी मांडीवर घेतली. टेबलावर तिनं सगळं नीटनेटकं मांडलं होतं. कापडात गुंडाळलेले साबण, लाकडी फण्या, चिंध्यांतून शिवलेल्या पिशव्या आणि मधोमध वेताच्या टोपल्या. मागच्या पडद्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'प्लास्टिकला रजा'. वर्षअखेरच्या सुट्ट्या तोंडावर आल्या होत्या. सभागृहात लहानसहान उद्योगवाल्यांचं प्रदर्शन भरलं होतं आणि भेटवस्तू घ्यायला आलेल्यांची रीघ लागली होती.

एक बाई थांबल्या. टोपली उलटीसुलटी करून बघू लागल्या. "घरी करता का हे?"

"हो ना. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच काम," सून म्हणाली. "हे माझे सासरे. यांचं सगळं आयुष्य वेत विणण्यात गेलं. यांच्याच हाताखाली मी शिकले."

काकांनी मागे वळून पाहिलं. आपल्या पाठीमागे आणखी कुणी म्हातारा येऊन बसलाय की काय, असं त्यांना क्षणभर वाटलं. मागे नुसता पडदाच होता. बाईंनी त्यांच्याकडे कौतुकानं बघितलं, मोबाइलवर त्यांचा फोटो घेतला आणि एक टोपली घेऊन गेल्या. काका वेताच्या काडीत तोंड खुपसून बसले.

खरं म्हणजे काकांचं आयुष्य गेलं होतं प्लास्टिकच्या कारखान्यात. मोल्डिंग मशीनवर. दाणा तापून वितळायचा, साच्यात जायचा, साचा उघडला की गरम बादली हातात यायची. काठाला राहिलेली किनार पात्यानं तासायची की लगेच पुढची तयार. मिसरूड फुटल्यापासून केस पिकेपर्यंत त्यांनी हेच केलं. साच्यात बिघडलेला माल मालक कामगारांना देऊन टाकायचा आणि काका तो गल्लीभर वाटायचे. वाकड्या काठाची त्यांची एखादी तरी बादली नाही असं एकही न्हाणीघर गल्लीत नव्हतं. म्हणून ते बादलीकाका. त्यांचं खरं नाव पोस्टमनला ठाऊक असेल तेवढंच.

त्या कामाचा त्यांना अभिमान होता, पण तो कुणाला सांगण्यासारखा होता असं त्यांना कधी वाटलं नाही. लग्न झालं तेव्हा घरात नळ नव्हता. बायको खालून लोखंडी बादलीनं पाणी भरून आणायची आणि जिना चढताना तिचा खांदा एका बाजूला कलायचा. काकांनी कारखान्यातून पहिली निळी बादली आणली, ती भरून घेऊन बायको वर आली आणि दारातच म्हणाली, "अहो, इतकी हलकी, की हातात बादली आहे की नाही हे दोनदा खाली वाकून बघितलं मी." एवढं एकच प्रशस्तिपत्र त्यांना मिळालं होतं, आणि ते देणारी आता राहिली नव्हती.

बायको गेली, नोकरी संपली, आणि हाताला काय काम द्यावं ते काकांना समजेना. त्याच सुमारास सुनेनं मोठ्या दुकानातली काउंटरवरची नोकरी सोडली आणि घरीच हा उद्योग मांडला. साबण ती एका बाईंकडून आणायची, फण्या एका सुताराकडून. टोपल्या मात्र तिच्या हातच्या. ती विणायला बसली की काका बघत बसायचे. एक दिवस तिनं बोलता बोलता एक काडी त्यांच्या हातात दिली. पुढे कितीतरी दिवस त्यांचं विणणं कमी आणि उसवणंच जास्त चाललं होतं. पण हात बसला एकदाचा. वेत भिजत घालायचा टब तेवढा काकांच्या कारखान्यातला होता. टोपल्यांचे फोटो काढायची वेळ आली की सून तो पायानं पलंगाखाली सारायची आणि काका आपलं लक्षच नाही असं दाखवायचे.

दुपारी गर्दी जरा ओसरली. दोघांनी टेबलाआड डबे उघडले.

"सकाळचं मनाला लावून घेऊ नका, बाबा," सून म्हणाली. "लोकांना असं ऐकायला आवडतं. घरची कला, वडीलधारी माणसं. त्याला खोटं नाही म्हणत, जाहिरात म्हणतात."

"मी कुठं काय म्हटलं?"

"म्हटलं नाहीत म्हणून तर सांगतेय."

काकांनी घास गिळला. "दुपारून त्या हॉस्पिटलच्या बाई यायच्यात ना?"

"हो." तिनं डब्याचं झाकण लावलं. अर्धं जेवण तसंच होतं.

हॉस्पिटलच्या मेट्रनबाई दर वर्षी सुट्ट्यांच्या आधी सगळ्या नर्सना काहीतरी भेट द्यायच्या. या वर्षी वस्तू पर्यावरणाला धार्जिणी हवी आणि ती बड्या दुकानातून न घेता छोट्या माणसाकडून घ्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. ती ऑर्डर मिळाली असती तर सुनेचा जम बसला असता. काकांचा मुलगा स्वभावानं वाईट नव्हता, पण घर चालवून तो मेटाकुटीला आला होता. त्यानं बायकोला स्पष्टच सांगितलं होतं, "या सुट्ट्यांत धंदा चालला तर ठीक. नाहीतर परत काउंटर आहेच." तिनं त्यावर मान हलवली होती, आणि तेव्हापासून ती पहाटे उठून विणत होती.

मेट्रनबाई आल्या त्या एकट्याच. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, आवाज बसका. शेजारी मेणबत्त्या विकणाऱ्या गृहस्थानं त्यांना हाक मारून बघितली, पण त्या सरळ काकांच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. टोपली हातात घेतली, तळावर अंगठा दाबून बघितला, कड चाचपली. सुनेनं आपलं सकाळचं सगळं पुन्हा सांगितलं. पिढ्यान्‌पिढ्या, सासरे, सगळं आयुष्य. बाईंनी ऐकून घेतलं.

"वस्तू छान आहे," त्या म्हणाल्या. "पण राग मानू नका, मागच्या वर्षी मी फसलेय. हातकाम म्हणून घेतलं आणि कुठल्याशा गोदामातला माल निघाला. पोरी वर्षभर हसत होत्या मला. म्हणून विचारते." आणि त्या काकांकडे वळल्या. "आजोबा, तुम्हाला कुणी शिकवलं हे?"

काकांनी आयत्या वेळेला लागेल म्हणून मनात एक उत्तर तयार ठेवलं होतं. 'लहानपणापासून' एवढंच म्हणायचं आणि हसायचं. पण 'कुणी शिकवलं' असं कोणी विचारील, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. वडिलांनी, असं म्हणावं तर वडील गोदीत हमाल होते. त्यांच्या डोक्यात दुसरं कुणाचं नाव आलंच नाही. आली ती विहीणबाईंची मूर्ती. सुनेची आई. लग्नाच्या बोलणीला ते तिच्याकडे गेले होते तेव्हा ती मागच्या अंगणात वेताच्या ढिगात बसली होती. पाहुणे आले म्हणून लगबगीनं उठली आणि चिरांनी भरलेले हात पदराआड घेऊन सबंध वेळ उभीच राहिली. बोलली फारसं नाहीच. निघताना मात्र एक टोपली तिनं काकांच्या बायकोच्या हातात दिली होती. तीन वर्षांमागे ती गेली.

"हिनं शिकवलं," काका म्हणाले.

"कुणी?"

"या माझ्या सुनेनं. आणि हिला हिच्या आईनं. ती बाई खरी कारागीर. मी आपला प्लास्टिकच्या कारखान्यात होतो. बादल्या काढायचो."

मेट्रनबाईंनी एकदा काकांकडे आणि एकदा सुनेकडे बघितलं. सून टेबलावरच्या फण्या सारख्या करत होती. त्या आधीच सारख्या होत्या.

"मग मघाशी ते सगळं कशाला सांगितलंत?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज चढला नाही. उलट थोडा खालीच आला.

सुनेनं एक फणी उचलून परत ठेवली.

"टोपली तिनंच विणलीय, बाई. देवाशपथ," काका घाईघाईनं म्हणाले. "सगळ्या तिच्याच हातच्या आहेत. माझ्या या कडेच्या दोनच."

"असतील हो." बाईंनी टोपली हलक्या हातानं जागच्या जागी ठेवली. "मी कळवते."

कळवते म्हणजे काय, ते विकायला बसलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. जाता जाता त्या मेणबत्त्यांच्या टेबलापाशी थांबल्या आणि बराच वेळ थांबल्या.

संध्याकाळी बसमध्ये सून खिडकीशी बसली. काकांच्या मांडीवर उरलेल्या टोपल्यांचं गाठोडं होतं. निम्मा रस्ता ती बाहेरच बघत होती.

"गप्प बसला असतात तरी चाललं असतं," शेवटी ती म्हणाली.

"मला वाटलं गप्प बसता येईल."

"मग?"

"नाही आलं."

तिनं बाहेर बघतच विचारलं, "आईचं नाव कशाला काढलंत?"

"विचारलं ना त्यांनी, कुणी शिकवलं म्हणून."

"तुम्हाला नाही कळणार, बाबा." मग मात्र ती बोलत सुटली, जणू खिडकीच्या काचेशीच. "शाळेत मला टोपलीवालीची पोर म्हणायचे. आई दारोदार फिरायची. लोक टोपली पायानं उलटवून बघायचे, हातानं नाही. तीच टोपली आज टेबलावर ठेवली, शेजारी तुमच्यासारखा चष्मा लावलेला म्हातारा बसवला, की तिला कला म्हणतात. आईचं नाव घेतलं असतं तर परत घासाघीस सुरू झाली असती."

पुढच्या थांब्यावर दोनचार माणसं उतरली. बस पुन्हा चालू लागली तेव्हा ते म्हणाले, "तुझं चुकलं असं नाही म्हणत मी. पण एक सांगू? तू त्या बाईंना सांगत होतीस ना, यांचं सगळं आयुष्य वेतात गेलं, तेव्हा मी हिशेब मांडत होतो. म्हणजे माझी मशीनवरची वर्षं गेली कुठं? मी उभा होतो तिथं, पोरी. चांगलं असेल, वाईट असेल, पण होतो. आणि तुझी आई तिच्या अंगणात बसलेली होती. तू एका फटक्यात दोघांनाही आपापल्या जागेवरून उठवलंस."

सुनेनं त्यांच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण रडली नाही ती. तिनं त्यांच्या मांडीवरचं गाठोडं आपल्याकडे ओढून घेतलं आणि घर येईपर्यंत धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता. काकांना वाटलं, आज आपल्याला कुणी नेणार नाही. ते आंघोळ करून, कपडे घालून नुसतेच बसून राहिले. सुनेनं चप्पल घालता घालता हाक मारली, "येताय ना?" तसे ते उठलेच.

मेणबत्तीवाल्यानं सकाळीच बातमी दिली. हॉस्पिटलची ऑर्डर त्याला मिळाली होती. सांगताना तो बिचारा इतका ओशाळला होता, की सुनेनंच त्याची समजूत घातली. "घ्या हो. तुमच्या मेणबत्त्या काय वाईट आहेत का?" त्यानं दोघांना चहा पाजला.

मग एक जोडपं आलं. तरुण होतं. नवऱ्याला घाई होती आणि बायकोला अजिबात नव्हती. तिनं विचारलं, "कोण विणतं हे?"

काकांनी मान खाली घातली.

"मी विणते," सून म्हणाली. "माझी आई टोपल्या करून दारोदार विकायची. तिच्याकडून शिकले. आणि हे माझे सासरे. प्लास्टिकच्या कारखान्यात होते. आता माझ्या हाताखाली आहेत."

तरुणाला हसू फुटलं. "काय आजोबा, मास्तरीण कशी आहे?"

"कडक आहे," काका म्हणाले. "कड जरा वाकडी गेली की सगळं उसवायला लावते. आमचा फोरमन बरा होता."

बायको हसली, सूनही हसली. त्यांनी एक टोपली आणि दोन साबण घेतले. घासाघीस केली, थोडीशी. सुनेनं थोडंसं सोडलं.

दिवसभर ती तेच सांगत राहिली. काही जणांना ते आवडलं, काही जण प्लास्टिकचं नाव ऐकून पडद्यावरच्या अक्षरांकडे बघत पुढे गेले. प्रदर्शन उठलं तेव्हा टेबल रिकामं झालं नव्हतं, भरलेलंही नव्हतं. मेट्रनबाई पुन्हा फिरकल्या नाहीत.

सुट्ट्या संपल्या आणि सून काउंटरवर परत गेली. त्यावर घरात कुणी चर्चा केली नाही. पहिल्या दिवशी तिनं दुकानाचा गणवेश इस्त्री करून अंगावर चढवला, आरशात बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "जरा घट्ट झालाय." नवरा म्हणाला, "नवीन मागून घे." तेवढ्यावरच भागलं. उद्योग मात्र तिनं बंद केला नाही. सुट्टीच्या दिवशी ती विणायची, आणि एरवी निघण्यापूर्वी काकांसाठी वेत भिजवून ठेवायची.

काका दिवसभर खिडकीत बसून विणत. गल्लीतलं कुणी डोकावून विचारायचं, "काय बादलीकाका, धंदा बदललात?" काका म्हणायचे, "सुनेच्या हाताखाली उमेदवारी चाललीय."

संध्याकाळी सून दमून यायची, पाय धुवायची आणि गणवेश न बदलताच त्यांच्यासमोर जमिनीवर बसायची. दिवसभरातली टोपली उचलून ती उजेडाकडे धरायची, कडेवरून बोट फिरवायची. एके दिवशी तिचं बोट एका जागी थांबलं. न बोलता तिनं दोन ओळी उसवल्या, मोकळ्या झालेल्या काड्या सरळ केल्या आणि टोपली त्यांच्या पुढ्यात ठेवली.

काकांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि पहिली काडी उचलली. सून गुडघ्यावर हनुवटी टेकून बघत राहिली.